क्वीन मेरी: २,१०० प्रवाशांच्या जहाजात १५,००० सैनिक मावले कसे?

सारंग_तांडेल (धागाकर्ता)

मागच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, "युद्धात क्वीन मेरीत बंक ठोकले आणि माणसं भरली." बंक ठोकणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम होतं. म्हणून हा वेगळा धागा.

आधी मूळ जहाज. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला जॉन ब्राउनच्या गोदीत बांधलेलं, गोदीतला क्रमांक ५३४. २६ सप्टेंबर १९३४ ला पाण्यात सोडलं, पहिली फेरी २७ मे १९३६ ला. लांबी ३१०.७ मीटर, रुंदी ३६ मीटर, ८०,७७४ ग्रॉस टन. २४ यारो बॉयलर, चार टर्बाइन संच, चार पंखे, १,६०,००० अश्वशक्ती. नेहमीचा वेग २८.५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). प्रवासी २,१०० च्या आसपास आणि कर्मचारी ११००.

३० ऑगस्ट १९३९ ला साउथॅम्प्टनहून निघालं आणि ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कला पोचलं, तोवर युद्ध जाहीर झालेलं. मग पिअर ९० ला बांधून ठेवलं. मार्च १९४० मध्ये लष्करी कामासाठी हुकूम आला, २१ मार्चला जहाज केप टाउनमार्गे सिडनीला निघालं आणि १७ एप्रिलला पोचलं.

सिडनीत जे झालं ते पहिलं रूपांतर. सहा मैल लांबीचे गालिचे, २२० पेट्या काचसामान-चांदी-चिनीमाती, सगळं उतरवलं. लाकडी बंक आणि झोळ्या लावून क्षमता केली ५,०००. दोन-अडीच आठवड्यांत काम उरकलं आणि ४ मे ला ऑस्ट्रेलियन सैनिक घेऊन जहाज निघालं. इटली युद्धात उतरणार अशी चिन्हं दिसत होती, म्हणून ताफा लाल समुद्राऐवजी केपकडे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे वळवला. १६ जून १९४० ला स्कॉटलंडच्या गुरॉकला नांगर.

हे ५,००० लक्षात ठेवा. १९४२ च्या सुरुवातीला बॉस्टनला ते ८,५०० झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १५,०००. जहाज तेच, पोलाद तेवढंच. मग बदललं काय?

---

वाफ_आणि_चाक

झोपायची पद्धत बदलली. पहिल्या खेपेचे बंक लाकडी होते, म्हणजे जागा कायमची अडलेली. अमेरिकनांनी "स्टँडी" आणले: लोखंडी नळीची चौकट, तिच्यावर दोरीने ताणून बांधलेलं कॅनव्हास, एका बाजूला बिजागरी. दिवसा उचलून भिंतीला लावायचं, रात्री पाडायचं. दोन थरांमध्ये जेमतेम ४५ सेंटीमीटर. पाठीवरून कुशीवर वळायचं तर वरच्या माणसाचा पार्श्वभाग खांद्याला लागतो. उंची मिळेल तिथे सहा थरांपर्यंत. पोहण्याच्या टाक्यासुद्धा सोडल्या नाहीत.

असे बंक झाले सुमारे १२,५००. माणसं १५,०००. उरलेली अडीच हजार उन्हाळ्यात उघड्या डेकवर झोपायची आणि पाळीपाळीने आत यायची. म्हणून १५,००० हा उन्हाळी आकडा आहे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या डेकवर माणूस झोपवला तर सकाळी उठेलच असं नाही, त्यामुळे थंडीत भरती कमी असायची. लोक हा फरक न करता "प्रत्येक फेरीत १५ हजार" लिहितात, तेवढं टाळा.

---

अडाणी_प्रवासी

एवढ्या लोकांना जेवायला किती वेळ लागत असेल? स्वयंपाकघर तर २,१०० प्रवाशांचंच ना?

---

भरती_ओहोटी

स्वयंपाकघर मुळातच दांडगं होतं. तीन वर्गांना दिवसात अनेकदा वेगवेगळं जेवण द्यायचं म्हणजे शिजवायची ताकद भरपूर. तुटवडा बसायच्या जागेचा. त्यावर उपाय केला तो असा:

दिवसाला दोनच जेवणं. न्याहारी सकाळी साडेसहा ते अकरा, रात्रीचं जेवण दुपारी तीन ते साडेसात. प्रत्येकी सहा पंगती, एका पंगतीला ४५ मिनिटं, एका वेळी दोन हजारांच्या वर माणूस. आपल्याकडच्या लग्नातल्या पंगतींचाच हिशोब, फक्त वाढपी तुमच्याकडे येत नाही. तुम्ही डबा घेऊन त्याच्याकडे जायचं आणि जेवल्यावर तो स्वतःच धुवायचा. अंडी उकडायची झाली तर दिवसाला ३०,००० चा हिशोब. मधली भूक मारायला सकाळीच सँडविच बांधून घ्यायचे.

इथे एक गोची आहे. सहा पंगती म्हणजे दर पाऊण तासाला दोन हजार माणसं आत आणि दोन हजार बाहेर. अरुंद मार्गिकांत ही दोन टोकं समोरासमोर आली की संपलं. त्यामुळे वाहतुकीचा नियम कडक: नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) जायचं तर उजव्या बाजूने, मागे यायचं तर डाव्या बाजूने. जहाजाचे उभे तीन तुकडे पाडले होते: पुढचा लाल, मधला पांढरा, मागचा निळा. चढताना प्रत्येकाला आपल्या रंगाचा बिल्ला मिळायचा आणि दुसऱ्या रंगाच्या भागात फिरकायचं नाही. लष्करी पोलीस कोपऱ्याकोपऱ्यावर.

---

सारंग_तांडेल

भरतीताई, रंगांचं कारण नुसती गर्दी नव्हे. जहाजाचा तोल हेही आहे. थोडं गणित मांडतो.

माणूस आणि त्याचं सामान मिळून १०० किलो धरा. १५,००० माणसं म्हणजे १,५०० टन. ८० हजार टनांच्या जहाजाला हे वजन म्हणून काहीच नाही. पण हे वजन चालतं-फिरतं आणि वर बसतं. समजा ३,००० माणसं किनारा बघायला एका कठड्याशी धावली आणि मधल्या रेषेपासून सरासरी १० मीटर सरकली. ३०० टन गुणिले १० मीटर. मेटासेंट्रिक उंची (कललेलं जहाज किती जोराने सरळ होतं याचं माप) १ मीटर धरली तर जहाज दोन अंशांहून थोडं जास्त झुकतं.

दोन अंश ऐकायला किरकोळ. पण ३६ मीटर रुंदीच्या जहाजात दर अंशाला खालची कड ३१ सेंटीमीटर खोल जाते. दोन अंशांना सव्वासहाशे मिलिमीटर. मुळात पूर्ण भरलेलं जहाज बारा मीटरच्या आसपास पाण्यात बसलेलं, खाली बंदराची खोदलेली वाट. म्हणून न्यूयॉर्कमधून निघताना सगळ्यांनी आपापल्या जागी बसून राहायचं, डेकवर गर्दी नाही, हा हुकूम होता. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघायला धावायचं नाही.

---

वाफ_आणि_चाक

यात वरच्या डेकवरचं पोलाद धरलं नाहीस. तोफांचं वजन कमी नव्हतं. सुरुवातीला मागे एक ४ इंची आणि थोड्या मशीनगन, एवढंच. नंतर ६ इंची तोफ, जोडीने बसवलेल्या ४० मिमी बोफर्स या विमानविरोधी तोफा पाच ठिकाणी, त्यांच्याहून लहान २४ ओर्लिकॉन, ३ इंची तोफा, वर रॉकेट सोडायचे सांगाडे. प्रत्येकीखाली डेकला आधार द्यावा लागतो आणि दारूगोळ्याच्या पेट्याही जवळच ठेवाव्या लागतात. हे सगळं वजन गुरुत्वमध्य वर नेतं. जहाज मुळातच हेलकाव्यासाठी बदनाम. हेलकावे कमी करणारे डेनी-ब्राउन स्टॅबिलायझर बसले ते १९५८ मध्ये, म्हणजे युद्धातल्या एकाही सैनिकाला त्यांचा उपयोग झाला नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये बाजूने आलेल्या एका प्रचंड लाटेने जहाज भयंकर कललं होतं, ते याच संदर्भात वाचावं. ५२ अंशांचा आकडा सगळीकडे सापडतो, पण तो कुठल्या उपकरणावर वाचला हे सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी तो वापरत नाही.

---

जुनीगोदी

मुंबईचा संबंध कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

ऑक्टोबर १९४० मध्ये क्वीन मेरी सिडनीहून ऑस्ट्रेलियाच्या २० व्या ब्रिगेडच्या २/१३ आणि २/१७ बटालियन घेऊन निघालं, सोबत अक्विटानिया आणि मॉरिटानिया ही जहाजं. मुक्काम सुएझ नव्हे, मुंबई. कारण तेव्हा लाल समुद्रावरचं मसावा बंदर इटलीकडे होतं आणि लाल समुद्रात एवढं मोठं जहाज घालणं म्हणजे कोल्ह्याच्या बिळापुढे कोंबडी बांधणं. सैनिक मुंबईत उतरवायचे आणि लहान जहाजांत भरून संरक्षणात पुढे पाठवायचे, असा बेत. मधल्या दिवसांत मुक्काम देवळालीच्या छावणीत. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला "डूलॅली" म्हणतात तो शब्द याच देवळालीचा. पुढे या बटालियन १९४१ मध्ये लिबियातल्या टोब्रुकच्या वेढ्यात लढल्या.

गोदीवाल्यांसाठी एक तपशील. अलेक्झांड्रा डॉकच्या (आताचा इंदिरा डॉक) प्रवेशाचं लॉक (दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा कप्पा) ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद. ह्यूजेस सुकी गोदी १,००० फूट लांब, पण रुंदी तीच १००. क्वीन मेरी १,०१९ फूट लांब, ११८ फूट रुंद. म्हणजे मुंबईच्या कुठल्याच बंद गोदीत ती शिरू शकत नव्हती. बाहेर नांगर टाकायचा आणि माणसं लहान बोटींनी ने-आण करायची, दुसरा मार्गच नाही. अशा जहाजाचा खरा प्रश्न हाच: ते कुठेही *जाऊ* शकतं, पण फार थोड्या ठिकाणी *लागू* शकतं. गुरॉकलाही हेच. क्लाइड नदीच्या मुखाशी नांगरायचं आणि पंधरा हजार माणसं टेंडरने (ने-आण करणाऱ्या लहान बोटींनी) किनाऱ्यावर.

एप्रिल १९४१ मध्ये मसावा पडलं, त्यानंतर ही जहाजं थेट सुएझपर्यंत जाऊ लागली.

---

अडाणी_प्रवासी

आणि उकाडा? हे तर थंड अटलांटिकसाठी बांधलेलं जहाज.

---

जुनीगोदी

बरोबर नस पकडलीत. हवा खेळवायची यंत्रणा थंड पाण्यातल्या दोन हजार माणसांच्या हिशोबाची. त्यात दिवेबंदीमुळे रात्री गोल खिडक्या बंद. हिंद महासागर आणि लाल समुद्रात खालच्या डेकवर भट्टी व्हायची. परतीच्या फेरीत युद्धकैदी असत, त्यांना खालीच ठेवावं लागे. उष्माघाताने माणसं दगावली आहेत.

गंमत म्हणजे ब्रिटिश जहाजांवर हवा सोडणाऱ्या त्या फिरत्या गोल तोंडाला "पंखा लूव्हर" म्हणतात. शब्द आपला, पण आपल्या हवेत तोच कमी पडला.

---

नकाशेवाला

वेगाबद्दल. क्वीन मेरी बहुतेक वेळा ताफ्याशिवाय एकटी जायची. त्याचं कारण सरळ आहे. जर्मन सातव्या-सी प्रकारच्या पाणबुडीचा वेग पाण्यावर १७.७ नॉट, पाण्याखाली ७.६. २८ नॉटच्या जहाजाचा पाठलाग ती करूच शकत नाही. ती आधीच समोर येऊन बसली असेल तरच संधी, आणि तीसुद्धा काही मिनिटांची. ती संधी मोडायला नागमोडी चाल.

इथेच २ ऑक्टोबर १९४२ चा अपघात येतो. आयर्लंडच्या उत्तरेला एचएमएस क्युरासोआ ही ४,००० टनांची जुनी क्रूझर (युद्धनौका) विमानविरोधी संरक्षणासाठी भेटायला आली. क्वीन मेरी चाल क्रमांक ८ ने जात होती. ४० मिनिटांचं चक्र: मूळ दिशेवर ४ मिनिटं, मग २५ अंश उजवीकडे ८ मिनिटं, मग ५० अंश डावीकडे वळून ८ मिनिटं, परत मूळ दिशेवर ४, आणि पुन्हा तसेच दोन लांब टप्पे. म्हणजे ८ मिनिटं सरळ, ३२ मिनिटं तिरकी. २५ अंशांचा कोसाइन ०.९०६. सरासरी काढा: प्रत्यक्ष वेग २८.५ असला तरी पुढे सरकण्याचा वेग २६.५ च्या आसपास.

क्युरासोआचा कमाल वेग याहूनही थोडा कमी. म्हणजे क्रूझर सरळ जाणारी, मोठं जहाज मागून हळूहळू गाठणारं आणि गाठताना डावी-उजवीकडे झुलणारं. क्रूझर जवळ राहायला हवी, नाहीतर तोफांचा उपयोग नाही. दोन्ही कप्तानांना वाटलं, बाजूला होणं दुसऱ्याचं काम. एकाच्या मते मागून गाठणाऱ्याने टाळायचं, दुसऱ्याच्या मते संरक्षक जहाजाने टाळायचं. नियमपुस्तकात दोघांनाही आधार होता, हीच खरी मेख.

क्वीन मेरीने क्रूझर मधोमध चिरली. काही मिनिटांत ती बुडाली, ३३७ जण गेले, १०१ वाचले. क्वीन मेरी थांबली नाही. पाणबुडीच्या पाण्यात हजारो सैनिकांसह थांबायचं नाही असा हुकूमच होता. तिने सोबतच्या विनाशिकांना कळवलं आणि वेग निम्म्यावर आणून पुढे गेली.

---

वाफ_आणि_चाक

दुरुस्तीचं मी सांगतो, कारण हे काम आजही तसंच करतात. नाळेचं पोलाद दुमडलं, फोरपीकमध्ये (नाळेतल्या सगळ्यात पुढच्या कप्प्यात) पाणी शिरलं. पहिलं काम म्हणजे त्याच्या मागचं टक्कररोधक बल्कहेड (आडवी पोलादी भिंत) लाकडी टेकूंनी आतून तोलायचं. टेकू पातळ पत्र्यावर टेकवायचा नाही, उभ्या फ्रेमवर टेकवायचा आणि मध्ये फळी घालायची, नाहीतर टेकूच पत्रा फोडतो. आणि वेग कमी, कारण पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: २८ वरून १४ नॉटवर आलं की दाब पाव.

क्लाइडला नाळेत सिमेंट ओतलं. सिमेंटने भोक बुजतं पण ताकद येत नाही, ते फक्त सुक्या गोदीपर्यंत पोचायला. खरं नवं पोलाद बॉस्टनला बसलं. न्यायालयात १९४७ मध्ये आधी सगळा दोष नौदलावर गेला, अपिलात दोन तृतीयांश नौदल आणि एक तृतीयांश क्वीन मेरी अशी वाटणी झाली आणि १९४९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तीच कायम केली.

---

भरती_ओहोटी

होड्यांचं कुणी बोलत नाही. २४ होड्या, प्रत्येकीत सुमारे १४५ माणसं. गुणाकार करा: साडेतीन हजारांच्या आत. तराफे वाढवले तरी १५,००० चा हिशोब जुळत नाही. हे ठाऊक असूनच माणसं भरली. अमेरिकेचे सेनाप्रमुख जनरल मार्शल यांनी ठरवलं की वेग हीच जीवनरक्षक होडी. ऑगस्ट १९४२ मध्ये पहिली अमेरिकन इन्फंट्री डिव्हिजन नेली, सैनिक १५,१२५. जुलै १९४३ च्या फेरीत कर्मचारी धरून १६,६८३ माणसं होती, तो एका जहाजावरचा विक्रम. मला विचाराल तर हा जुगार होता. लागला म्हणून हुशारी ठरली.

---

अडाणी_प्रवासी

नॉर्मंडी या फ्रेंच प्रवासी जहाजाचंही असंच रूपांतर चाललं होतं ना? ते कशाने जळलं?

---

सारंग_तांडेल

हो, आणि शेजारच्याच धक्क्यावर, पिअर ८८ ला. ९ फेब्रुवारी १९४२. क्रम बघा, एकेक चूक साधी आहे.

मोठ्या दिवाणखान्यातले खांब गॅसने कापत होते. त्याच खोलीत कापोक भरलेल्या लाइफजॅकेटांचे गठ्ठे रचलेले. कापोक म्हणजे सावरीचा कापूस, ठिणगी पडली की भडका. आगीची सूचना देणारी यंत्रणा कामासाठी आधीच तोडून ठेवलेली. जहाजाचे पाण्याचे नळ फ्रेंच मापाचे, न्यूयॉर्कच्या बंबाचे जोड त्यांना बसेनात.

मग बंबांनी बाहेरून पाणी मारलं आणि जहाज आगीने नाही, पाण्याने गेलं. पाणी वरच्या डेकवर साचलं, खाली उतरायला वाट नाही. वर साचलेलं मोकळं पाणी सगळ्यात वाईट. जहाज जरा कललं की ते त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा. जहाजाचा रचनाकार युर्केविच धक्क्यावर येऊन सांगत होता की तळाचे व्हॉल्व्ह उघडा, सरळ चिखलात बसू द्या, पाणी तिथे उथळ आहे. ऐकलं नाही. १० तारखेला पहाटे पावणेतीनच्या सुमारास जहाज डाव्या कुशीवर आडवं झालं. १९४३ मध्ये वरचा भाग कापून सरळ केलं, आणि युद्धानंतर भंगारात.

---

वाफ_आणि_चाक

यावर एक लिहितो. गरम काम (गॅसने कापणं, वेल्डिंग) आणि जळाऊ सामान एका खोलीत नको, ठिणगीवर पाळत ठेवायला माणूस आणि पाणी भरलेला पाइप हवा, सूचनायंत्रणा बंद केली तर फिरती गस्त हवी. आज जहाज दुरुस्तीत "हॉट वर्क परमिट"वर हेच रकाने असतात. कंटाळा येतो भरायला, पण नॉर्मंडीत यातला एकही रकाना भरला नसता.

---

नकाशेवाला

फोटो शोधणाऱ्यांसाठी, कारण चुकीच्या मथळ्यांचे फोटो धडाधड फिरत असतात.

धुरांडी मोजा. राखाडी रंगात दोन धुरांडी असतील तर ती क्वीन एलिझाबेथ किंवा दुसरी मॉरिटानिया. चार असतील तर अक्विटानिया. तीन असतील तर क्वीन मेरी किंवा नॉर्मंडी. यातला फरक डेकवर: क्वीन मेरीच्या धुरांड्यांभोवती हवेच्या नळ्यांची दाटी आहे, नॉर्मंडीचा डेक स्वच्छ आणि पुढे नाळेवर कासवाच्या पाठीसारखं झाकण.

मग वर्ष. पूर्ण राखाडी आणि डेकवर तोफा जवळपास नाहीत तर १९४०-४१. बोफर्सचे गोल कठडे दिसले तर १९४२ नंतरचा. राखाडी अंग पण धुरांडी पुन्हा लाल-काळी असतील तर युद्ध संपल्यानंतरचा, १९४५-४६ चा.

---

जुनीगोदी

त्या शेवटच्या रंगातल्या फोटोत कठड्याशी बायका-मुलं दिसली तर दचकू नका. ३ फेब्रुवारी १९४६ पासून जहाजाने अमेरिकन सैनिकांच्या ब्रिटिश बायका आणि मुलं नेली. तोफा आणि स्टँडी तेव्हा निघाले होते. हे काम सप्टेंबर १९४६ ला संपलं, तोवर युद्धकाळात साडेसात लाखांहून जास्त सैनिक वाहून झाले होते. नंतर गालिचे परत बसवायला दहा महिने लागले. ३१ जुलै १९४७ ला पुन्हा प्रवासी फेरी.

आता डिसेंबर १९६७ पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे. अमेरिकेतल्या मंडळींना जमलं तर नाळेच्या खालच्या भागाचा जवळून फोटो टाका.